सुईणीची ‘निवड’ : एका संशोधनप्रश्नाची चिकित्सा

समाजशास्त्र, समाजकार्य, गृहविज्ञान आणि सामाजिक वैद्यक या विषयांच्या प्रबंधांत एक प्रश्न वारंवार भेटतो : ग्रामीण माता प्रसूतीसाठी सुईणीकडे का जातात? प्रश्न वरवर निरुपद्रवी दिसतो. त्याची उत्तरेही ठरलेली असतात. अज्ञान, दारिद्र्य, रूढीचा पगडा, रुग्णालयाचे अंतर, आणि शेवटी लोकशिक्षणाची निकड. तथापि खेड्यातील एखाद्या वृद्ध स्त्रीपुढे हा प्रश्न ठेवला, तर ती प्रथम त्यातील क्रियापदच दुरुस्त करील. सुईणीकडे कोणी जात नाही. सुईण घरी बोलावली जाते. जावे लागते ते दवाखान्यात. प्रश्न विचारणाराने दवाखान्याचे व्याकरण घराला लावले आहे आणि त्याची त्याला जाणीवही नाही.

ही केवळ शब्दांची कीस काढणे नव्हे. ‘माता सुईणीची निवड करतात’ या वाक्यात तीन गृहीते दडलेली आहेत. पहिले, निवडणारी व्यक्ती माता आहे. दुसरे, तिच्यापुढे एकाच कामासाठी दोन पर्याय एकाच वेळी उभे आहेत. तिसरे, यांपैकी एकाच पर्यायाचे कारण विचारण्याजोगे आहे. दुसऱ्याचे कारण स्वयंसिद्ध आहे. पुण्यातील अथवा नागपुरातील सुशिक्षित स्त्री बाळंतपणासाठी रुग्णालयात का जाते, या विषयावर प्रबंध लिहिण्याचे सहसा कोणाच्या मनात येत नाही. स्पष्टीकरण मागितले जाते ते नेहमी खेड्यातल्या बाईकडे. जेथे स्पष्टीकरण एकाच बाजूकडून मागितले जाते तेथे उत्तर मिळण्यापूर्वीच निकाल लागलेला असतो, ही गोष्ट संशोधनपद्धतीच्या प्राथमिक पाठात शिकविली जाते. येथे मात्र तिचा विसर पडतो.

हा विसर जुना आहे. सुईणीला शिकविण्याचे पहिले मोठे शासनपुरस्कृत प्रयत्न लेडी कर्झन यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या व्हिक्टोरिया स्मारक शिष्यवृत्ती निधीतून १९०३ पासून सुरू झाले. त्या निधीच्या वतीने १९१८ साली भारतातील प्रसूतीच्या परिस्थितीविषयी जो ग्रंथ निघाला त्यात, आणि त्यानंतर १९२७ च्या कॅथरिन मेयो यांच्या ‘मदर इंडिया’त, सुईणीचे एक चित्र कायम झाले : मळकट वस्त्रांची, घाणेरड्या नखांची, परंपरेच्या अंधारात चाचपडणारी म्हातारी. मेयोबाईंच्या पुस्तकावर देशभर संतापाची लाट उसळली. परंतु त्यातील सुईणीच्या चित्रावर मात्र फारसा कोणी आक्षेप घेतला नाही. राष्ट्रवादी सुधारकांनाही ते सोयीचेच होते. मौज अशी की, नखांची चिंता ही पाश्चात्त्य वैद्यकाने प्रथम केली असे नाही. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात प्रसूतीच्या वेळी जवळ असावयाच्या चार प्रौढ व कुशल स्त्रियांची जी लक्षणे दिली आहेत, त्यांत त्यांची नखे कापलेली असावीत हीही एक अट आहे. आणि आधुनिक वैद्यकाची पदवी मिळविणाऱ्या पहिल्या महाराष्ट्रीय स्त्रीने, आनंदीबाई जोशी यांनी, १८८६ साली फिलाडेल्फियात सादर केलेल्या प्रबंधाचा विषय आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हाच होता. स्वतःचे पहिले अपत्य दहा दिवसांत गमावलेल्या या स्त्रीला आपल्याकडील प्रसूतिविद्या हा अभ्यासाचा विषय वाटला. पुढच्या पिढीतील अहवालकारांना तो प्रामुख्याने निर्मूलनाचा विषय वाटला.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावरील भोर समितीचा अहवाल (१९४६) या बाबतीत अधिक समंजस आहे. हजार जिवंत जन्मांमागे सुमारे २० माता दगावतात असा अंदाज त्याने नोंदविला आणि प्रशिक्षित सुईणी पुरेशा संख्येने तयार होईपर्यंत गावातल्या दाईला शिकवून तिच्याकडून काम घ्यावे, अशी तात्पुरती व्यवस्था सुचविली. ‘तात्पुरती’ हा शब्द पुढे साठ वर्षे टिकला. १९७७ च्या ग्रामीण आरोग्य योजनेत हजार वस्तीमागे एक प्रशिक्षित दाई असावी असे ठरले, शिबिरे झाली, पेट्या वाटल्या गेल्या. आणि १९९० नंतर जागतिक संस्थांचे मत फिरले तसे हे सारे मागे पडले. या संपूर्ण काळात सुईण हे ‘साधन’ आहे की ‘अडथळा’ आहे एवढाच वाद होता. ती नेमके काय काम करते याची चौकशी दोन्ही पक्षांना गौण वाटली.

आता प्रश्नाच्या उत्तरांकडे वळू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या तिसऱ्या फेरीत (२००५-०६) भारतातील सुमारे ३९ टक्के जन्म आरोग्यसंस्थांत झाल्याचे आढळले. सुमारे ३७ टक्के जन्मांच्या वेळी पारंपरिक दाई हजर होती. ज्या स्त्रियांची प्रसूती संस्थेत झाली नव्हती त्यांना कारण विचारले गेले. उत्तरांची यादी आधीच तयार होती : खर्च परवडत नाही, संस्था दूर आहे, संस्था उघडी नसते, विश्वास नाही, स्त्री-डॉक्टर नाही, घरच्यांनी जाऊ दिले नाही, रूढी नाही, गरज नाही. एकाहून अधिक कारणे सांगण्याची मुभा होती. ७२ टक्के स्त्रियांच्या बाबतीत उत्तर आले, ‘गरज नव्हती’. खर्चाचे कारण २६ टक्क्यांच्या बाबतीत नोंदले गेले.

या ७२ टक्क्यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि बहुतेकांनी ‘गरज नव्हती’ याचे भाषांतर ‘गरज आहे हे त्यांना कळत नव्हते’ असे केले आहे. उत्तर देणारीचे शब्द असे परस्पर बदलण्याचा अधिकार संशोधकाला कोठून मिळाला? पाहणी होते तेव्हा बाळंतपण होऊन गेलेले असते. उत्तर देणारी बाई जिवंत असते. तिच्या बाबतीत खरोखरच गरज पडलेली नसते. ज्या बाईला गरज होती आणि जिला ती वेळेवर भागविता आली नाही, ती प्रश्नावलीपुढे बसावयास उरलेली नसते. म्हणजे हे उत्तर अज्ञानाचे माप नसून वाचलेल्यांच्या अनुभवाचा सारांश आहे. संख्याशास्त्रज्ञांना हा दोष परिचयाचा आहे. तरीही प्रबंधांत या आकड्याखाली लोकशिक्षणाची शिफारस ठरावीकपणे येते.

शिवाय ‘गरज’ या शब्दाला घराच्या भाषेत एक निश्चित अर्थ आहे. बाळंतपण हे दुखणे नव्हे. अडले तर ते दुखणे होते. कळा सुरू झाल्या की सुईणीला बोलावणे धाडायचे. मूल आडवे असले, कळा थांबल्या, वार पडेना, अंगावरून फार जाऊ लागले, तर मग गाडी शोधायची. सुईण आणि दवाखाना हे येथे दोन पर्याय नाहीत. एकाच मार्गावरील पहिली आणि दुसरी पायरी आहेत. निवड असलीच तर ती पहिल्या पायरीवरून दुसरीवर केव्हा जायचे याची आहे, आणि प्राण जातो तो याच निर्णयाच्या मुहूर्तावर. थॅडियस आणि मेन यांनी १९९४ साली मांडलेली तीन विलंबांची कल्पना, म्हणजे निर्णयातील, पोहोचण्यातील आणि पोहोचल्यावर उपचार मिळण्यातील विलंब, ही या क्रमाला अधिक जवळची आहे. अशा क्रमाचा एक परिणाम मात्र पुरेसा लक्षात घेतला जात नाही. दवाखान्यात जर केवळ अडलेल्या बायकाच जाणार असतील, तर त्यांतल्या पुष्कळ तेथे दगावणार हे उघड आहे. मग गावात बोलबाला होतो की तिकडे नेलेली परत येत नाही. हा समज अनुभवावर आधारलेला असतो, आणि त्यामुळेच पुढची अडलेली बाई आणखी उशिरा नेली जाते. याला अंधश्रद्धा म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण ते अचूक नव्हे.

सुईणीचे काम काय? या प्रश्नाकडे पाहिले की दुसऱ्या गृहीताचा, म्हणजे दोन समान पर्यायांच्या कल्पनेचा, पाया डळमळू लागतो. वैद्यकीय नोंदीत प्रसूती हा काही तासांचा प्रसंग असतो. घराच्या हिशेबात बाळंतपण म्हणजे निदान दहा-बारा दिवस, आणि खऱ्या अर्थाने सव्वा महिना. कळांच्या वेळी बाईला उकिडवे बसविणे, खांबाला अथवा दोराला धरावयास लावून पाठीशी दुसरीचा आधार देणे, तेल लावणे, धीर देणे, आणि मुख्य म्हणजे वाट पाहणे, हा या कामाचा केवळ पहिला भाग आहे. भारताच्या अनेक भागांत वार पडल्यावाचून नाळ कापली जात नसे. नाळ कापणे हे वेगळे व हलक्या दर्जाचे काम मानले जाई आणि काही ठिकाणी ते करणारी बाईही वेगळी असे. त्यानंतर वार पुरणे, रक्ताने भरलेली वस्त्रे धुणे, जमीन सारवणे. मग रोज सकाळी बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घालणे, बाळंतिणीचे अंग रगडणे, कढत पाण्याने तिला न्हाऊ घालून पोट बांधणे, बाजेखाली शेगडी ठेवून शेक देणे, ओवा-बाळंतशोपांची धुरी देणे. पाचव्या-सहाव्या दिवशी सटवाईची पूजा. त्या रात्री विधिलेख लिहिला जातो असा समज. सोयर फिटल्यावर तिला लुगडे-खण, धान्य, नारळ आणि काही रोकड मिळे. मुलगा झाला तर अधिक, मुलगी झाली तर कमी. मोबदल्यातील हा भेद कामातील भेदावर आधारलेला नव्हता, हे वेगळे सांगावयास नको.

यांतील किती कामे परिचारिका करते? नाळ कापण्यापलीकडे जवळजवळ एकही नाही; आणि ती करावीत अशी कोणाची अपेक्षाही नाही. याउलट रक्तस्राव थांबविणारे इंजेक्शन, रक्त, शस्त्रक्रिया यांपैकी काहीही सुईणीपाशी नाही. मग दोघींना एकाच रकान्यात ‘प्रसूती कोणी केली?’ या प्रश्नाखाली पर्याय म्हणून मांडण्यात कोणते शास्त्र आहे? ज्या घराने सुईणीला बोलावले त्याने दहा दिवसांचे अंगमेहनतीचे आणि मायेचे काम मागितले होते. त्या कामाबरोबर पहिल्या दिवसाची जोखीमही तिच्याकडे आली, एवढेच.

याचा पुरावा खेड्यात शोधण्याची आवश्यकता नाही. मुंबई-पुण्यातील मध्यमवर्गीय घरांत, जेथे प्रसूती खाजगी प्रसूतिगृहात होते, तेथेही बाळ-बाळंतिणीला न्हाऊमाखू घालण्यासाठी ‘बाई’ लावली जाते. तिचा दर विचारला जातो, चांगल्या बाईची शिफारस एका घरातून दुसऱ्या घरी जाते, तिच्या वेळेनुसार घराची सकाळ ठरते. शेक, धुरी, डिंकाचे व अळिवाचे लाडू यांत खंड पडत नाही. या गृहिणींना कोणी अज्ञानी म्हणत नाही. त्यांना दोन्ही सेवा स्वतंत्रपणे विकत घेणे परवडते, म्हणून त्यांच्या बाबतीत ‘निवडी’चा प्रश्नच उद्भवत नाही.

पहिले गृहीत, निवडणारी माता, याची तपासणी अधिक काळजीपूर्वक केली पाहिजे, कारण येथे उत्तर भारतातील संशोधन महाराष्ट्राला सरसकट लावण्याची चूक होते. पॅट्रिशिया जेफरी, रॉजर जेफरी आणि अँड्र्यू लायन यांचा उत्तर प्रदेशातील बिजनौर जिल्ह्यावरील ‘लेबर पेन्स अँड लेबर पॉवर’ (१९८९) हा ग्रंथ या विषयावरील सर्वांत भक्कम अभ्यासांपैकी एक आहे. दाई ही स्त्रीविद्येची स्वायत्त वारसदार आहे ही गोड कल्पना त्यांनी पुराव्यानिशी खोडून काढली. तेथील दाई ही विटाळाचे काम करण्यासाठी बोलावलेली, हलक्या दर्जाची, अल्प मोबदल्याची मजूर आहे. प्रसूतीचे नियंत्रण सासूकडे आणि सासरच्या वडीलधाऱ्या बायकांकडे असते. प्रसूती सासरी होते, आणि माहेरच्यांपुढे ती होणे लाजेचे मानले जाते. हा निष्कर्ष बिजनौरपुरता निर्विवाद आहे. परंतु महाराष्ट्रात पहिले बाळंतपण माहेरी करण्याचा रिवाज आहे. सातव्या-आठव्या महिन्यात मुलगी माहेरी येते, सुईणीला बोलावते ती तिची आई, आणि पुष्कळदा तीच सुईण असते जिच्या हातून ती मुलगी स्वतः जन्माला आली. निर्णय येथेही मातेचा नाही. परंतु तो सासूचाही नाही. तो मातेच्या मातेचा आहे. खर्च माहेरचा, जोखीमही माहेरची, आणि काही विपरीत घडले तर सासरच्यांपुढे उत्तर द्यावयाचेही माहेरने. अशा स्थितीत दवाखान्याकडे धाव लवकर घेतली जाते की उशिरा? दुसऱ्या-तिसऱ्या बाळंतपणी, जे बहुधा सासरी होते, निर्णयाची रीत बदलते काय? महाराष्ट्रातील प्रबंधांत अपत्याचा क्रम हा एक रकाना म्हणून असतो. बाळंतपण कोणत्या घरी झाले हा रकाना क्वचितच दिसतो. एका रकान्याच्या अभावी या प्रदेशाचे वैशिष्ट्य हातातून निसटते.

जातीच्या बाबतीतही हीच गल्लत. दख्खनच्या पुष्कळ गावांत मांग समाजातील स्त्रिया सुईणपण करीत, असे विसाव्या शतकाच्या आरंभीच्या जातिवर्णनांत नोंदलेले आहे. सोयराच्या काळात ती खोलीच विटाळलेली असल्याने तिचा स्पर्श चालत असे. सोयर फिटले की तोच हात पुन्हा अंगणाबाहेर जाई. या कडव्या वस्तुस्थितीकडे पाहिले म्हणजे १९९० नंतर काही स्त्रीवादी अभ्यासकांनी दाईला दिलेले मातृशक्तीच्या पुजारिणीचे स्थान कितपत टिकते, याचा विचार करावा लागतो. या अभ्यासकांनी प्रसूतीच्या प्रतीकांचा जो अर्थ लावला तो मोलाचा आहे. मेयोबाईंच्या चित्रावर उतारा म्हणून तो आवश्यकही होता. परंतु विधीचा अर्थ सांगताना विधी करणारीची मजुरी दृष्टिआड होते. बेबीताई कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’ (१९८६) या आत्मकथनात महारवाड्यातील बाळंतपणाचे जे वर्णन आहे ते प्रत्येक संशोधकाने प्रश्नावली तयार करण्यापूर्वी वाचावे. तेथे शेक नाही, लाडू नाहीत. कोवळ्या वयाची पोर, बायकांची आंधळी धडपड आणि घरातली उपासमार आहे. परंपरा म्हणून जे वर्णिले जाते ते पोटभर अन्न असलेल्या घराचे वर्णन असते, हे तेथे कळते. तर दुसरीकडे गडचिरोलीतील गोंड, मेळघाटातील कोरकू, नंदुरबारकडील भिल्ल यांच्या वस्त्यांत सुईण सहसा त्याच समाजाची, बहुधा नात्यातलीच असते. तेथे विटाळ-जातीचे स्पष्टीकरण मुळातच लागू पडत नाही. ‘ग्रामीण माता’ या एका शब्दाखाली बागाईत गावची पाटलीण, महारवाड्यातील बाळंतीण आणि भामरागडची माडिया स्त्री यांना बसविले, तर जे सरासरी उत्तर निघेल ते यांपैकी कोणाचेच नसेल.

दवाखान्याविषयीच्या अनिच्छेकडेही दवाखान्यावरील अभिप्राय म्हणून पाहावयास हवे. सिसिलिया व्हॅन हॉलेन यांच्या तामिळनाडूवरील अभ्यासात (‘बर्थ ऑन द थ्रेशोल्ड’, २००३) शहरी व ग्रामीण गरीब स्त्रिया रुग्णालयाला नाकारीत नाहीत. किंबहुना कळा वाढविणारे इंजेक्शन त्या स्वतःहून मागतात. त्यांची तक्रार तेथील शिव्यागाळीविषयी, पैशाच्या मागणीविषयी, घरचे माणूस जवळ नसण्याविषयी आणि न विचारता बसविल्या जाणाऱ्या तांबीविषयी आहे. यात रूढी कोठे आली? युरोपातील एक उदाहरण या संदर्भात उद्बोधक ठरेल. १८४० च्या दशकात व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयात दोन प्रसूतिविभाग होते. एकात डॉक्टर व वैद्यकाचे विद्यार्थी, दुसऱ्यात सुईणी शिकत. पहिल्यात बाळंतज्वराने मरणाऱ्यांचे प्रमाण फार अधिक होते, आणि शहरातील गरीब बायका दुसऱ्या विभागात घ्यावे म्हणून गयावया करीत. त्यांची भीती अडाणीपणाची समजली गेली. १८४७ साली इग्नाझ सेमेलवाइस यांनी शवविच्छेदनावरून येणाऱ्या डॉक्टरांना हात धुण्यास लावले तेव्हा कळले की, बायकांचे निरीक्षण प्राध्यापकांच्या सिद्धान्तापेक्षा सत्याला जवळचे होते. भारत शासनाने २०१६ साली सरकारी रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी एक सोबतीण असू द्यावी असे मान्य केले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या शिफारशींत सोबत आणि बसण्या-उठण्याचे स्वातंत्र्य या दोन्हींचा पुरस्कार केला. सुईणीच्या खोलीत या गोष्टी नेहमीच्या होत्या. त्यांची मागणी करणाऱ्या बाईला दीर्घकाळ मागासलेली ठरविले गेले, ही नोंद इतिहासात राहावयास हवी.

याचा अर्थ सुईणीच्या हाती प्रसूती सुरक्षित होती असा मुळीच नव्हे, आणि येथे भावविवश होणे हे मृत मातांवर अन्याय करण्यासारखे आहे. प्रसूतीनंतरचा जोराचा रक्तस्राव सुमारे दोन तासांत प्राण घेऊ शकतो. झटके, अडलेले मूल, जंतुदोष यांवर तेल, शेक आणि धीर यांचा इलाज चालत नाही. यांतील पुष्कळ संकटे आधी ओळखू येत नाहीत. धोक्याची बाई निवडून काढून तिलाच तेवढे रुग्णालयात धाडावे ही कल्पना त्यामुळेच फसली. दाईंच्या प्रशिक्षणाने मातामृत्यू घटल्याचे खात्रीने दिसले नाही, याचेही हेच कारण : तिला संकट ओळखावयास शिकविले, पण रस्ता, वाहन व रक्त दिले नाही. नवजात बालकाची गोष्ट निराळी. तेथे संकट थंडी, जंतू आणि श्वास यांचे असते, आणि त्यांवर घरातही पुष्कळ करता येते. डॉ. अभय व राणी बंग यांच्या संस्थेने गडचिरोलीतील ३९ गावांत प्रशिक्षित ग्रामस्त्री व सुईण यांच्या साहाय्याने घरोघरी नवजात बालकांची शुश्रूषा केली, तेव्हा तेथील नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून १९९७-९८ पर्यंत सुमारे २५ वर आला. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षाने सिद्ध झाले की प्रश्न जागेचा नव्हता, घरातही योग्य हात व योग्य साधने पोहोचतात की नाहीत याचा होता. तथापि याच निष्कर्षावरून मातेलाही घरीच ठेवावे असे म्हणणे हे दोन वेगळ्या मृत्यूंची गफलत करण्यासारखे होईल.

रूढीच्या स्पष्टीकरणाला खरा तडा गेला तो २००५ नंतर. जननी सुरक्षा योजनेने संस्थेत प्रसूती होणाऱ्या मातेला रोख रक्कम देऊ केली. ग्रामीण महाराष्ट्रात पात्र मातेस ७०० रुपये, संस्थात्मक प्रसूती कमी असलेल्या राज्यांत १४०० रुपये. गावोगावी आशा कार्यकर्ती आली. २०११ पासून वाहन, औषध व आहार मोफत झाले. देशातील संस्थात्मक प्रसूतींचे प्रमाण दहा वर्षांत ३९ वरून ७९ टक्क्यांवर, आणि २०१९-२१ मध्ये सुमारे ८९ टक्क्यांवर गेले. महाराष्ट्रात ते ६५ वरून ९५ टक्क्यांच्या घरात पोहोचले. महाराष्ट्राचे मातामृत्यूचे प्रमाण, लाख जिवंत जन्मांमागे, २००४-०६ मधील १३० वरून २०१८-२० मध्ये ३३ वर आले. या घसरणीचे सारे श्रेय एका योजनेला देता येणार नाही. विवाहाचे वय, अपत्यसंख्या, आहार, रस्ते हे सर्व त्याच काळात बदलत होते. परंतु एक गोष्ट निःसंशय आहे. शतकानुशतकांची म्हणून सांगितली गेलेली निष्ठा दहा वर्षांत गाडी आणि थोडी रोकड यांपुढे बाजूस झाली. म्हणजे ती निष्ठा नव्हती. उपलब्ध असलेल्या गोष्टींतून केलेली व्यवस्था होती. ज्या प्रबंधांनी ‘रूढीचा प्रभाव’ हे मुख्य कारण म्हणून नोंदविले त्यांना हा अनुभव पुनर्विचारासाठी पुरेसा आहे.

आता ‘निवड’ या शब्दाचे काय? आशेचा मोबदला बाईला संस्थेत नेण्याशी जोडलेला आहे. घरी झालेले बाळंतपण हा उपकेंद्राच्या कामगिरीवरचा डाग मानला जातो. या परिस्थितीत रुग्णालयात जाणारी बाई निवड करते असे म्हणणे हे पूर्वी सुईणीच्या बाबतीत केलेल्या चुकीचीच पुनरावृत्ती ठरेल. फरक एवढाच की आता कोणी तिला ‘का?’ असे विचारीत नाही.

दरम्यान सुईणीच्या दहा दिवसांच्या कामाचा हिशेब अनुत्तरित आहे. सरकारी योजनेत साध्या प्रसूतीनंतर ३ दिवस आणि शस्त्रक्रियेनंतर ७ दिवस मोफत आहार मिळतो, आणि त्यानंतर बाळंतीण घरी येते. अंग रगडणे, न्हाऊ घालणे, धुणी धुणे, रात्री रडणाऱ्या बाळाला घेऊन बसणे, ही कामे त्या दिवसापासून कोण करते? जेथे म्हातारी सुईण हयात आहे तेथे ती अजूनही सकाळी येते, आणि तिचा मोबदला कोणत्याही योजनेच्या खर्चात नसतो. जेथे ती नाही तेथे हे काम मातेच्या आईकडे जाते, आणि ती आई शेतमजूर असेल तर तिची त्या दिवसांची मजुरी बुडते. तीही नसेल तर ओली बाळंतीण चौथ्या दिवशी स्वतःच कपडे घेऊन पाण्यावर जाते. राष्ट्रीय पाहणीत प्रसूतीनंतरच्या तपासणीचा रकाना आहे : दोन दिवसांच्या आत आरोग्यकर्मचाऱ्याने पाहिले काय? वस्त्रे कोणी धुतली, याचा रकाना नाही.